कोंडवाडा, मुद्देमाल आणि सुपुर्दनामा : मद्यपी चालकाच्या वाहनाची सोडवणूक

मद्यप्राशन करून मोटार चालविणाऱ्या इसमास पोलीस पकडतात तेव्हा दोन गोष्टी एकदम त्यांच्या ताब्यात येतात : एक तो इसम आणि दुसरी ती मोटार. पैकी इसमाच्या सुटकेची वाट कायद्याने नीट आखून दिलेली आहे. गुन्हा जामीनपात्र आहे. शिवाय अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्यास कोठडीतून सोडावे, असे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम २०२ सांगते. मोटारीविषयी मात्र त्याच कलमात अवघे एक वाक्य आहे आणि तेही मोघम. परिणाम असा होतो की, झिंग उतरलेला मनुष्य सकाळी घरी जातो आणि जिने एक थेंबही घेतला नाही ती मोटार ठाण्याच्या आवारात अडकून पडते. ती दुसऱ्याच्या मालकीची असली, रोजाने चालविण्यास घेतलेली रिक्षा असली, म्हणजे तर ज्याचा काडीमात्र अपराध नाही त्याचीच रोजी बुडते. हा विपर्यास कसा उत्पन्न झाला याचा शोध घेऊ लागले म्हणजे मोटारीच्या जन्मापूर्वीच्या काळात, थेट गुरांच्या कोंडवाड्यापर्यंत, मागे जावे लागते.

वाहन अडकवून ठेवण्याच्या क्रियेला इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, त्याच्या पोटात ‘पाउंड’ म्हणजे कोंडवाडाच आहे. मध्ययुगीन इंग्लंडात शेतात शिरलेले जनावर किंवा खंड थकविणाऱ्या कुळाचे जनावर धरून कोंडवाड्यात घालण्याचा हक्क जमीनमालकास असे. परंतु हे धरणे शिक्षेसाठी नव्हते. धरलेले जनावर धरणाऱ्याच्या मालकीचे होत नसे. त्याला ते नांगरास जुंपता येत नसे किंवा विकताही येत नसे. नुकसानभरपाई अथवा थकबाकी मिळेपर्यंतचे ते केवळ तारण होते. साहजिकच ते सोडविण्याची रीतही तारणाच्याच तत्त्वावर उभी राहिली. मूळ मालकाने जामीन द्यावा, शेरीफने जनावर त्याच्या हवाली करावे, आणि धरणे रास्त होते की नव्हते याचा निकाल मागाहून लागावा, या उपायास ‘रिप्लेव्हिन’ म्हणत. ‘तारण, हमी देणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूपासून हा शब्द आला आहे. तारणाच्या बदली तारण, असा त्याचा सरळ अर्थ. १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्याने धरलेले जनावर परगण्याबाहेर हाकून नेण्यास बंदी केली आणि मालकाची तक्रार येताच जनावर सोडवून देण्याचा शेरीफचा अधिकार पक्का केला. आधी वस्तू परत, वाद नंतर, हा तो क्रम. पुढील विवेचनासाठी तो ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

हिंदुस्थानात हीच कल्पना १८५७ च्या आणि पुढे १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने आली. १८७१ चा कायदा आज वाचताना त्याच्या रोखठोकपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. धरलेले जनावर चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचविले पाहिजे. त्याची नोंद वहीत झाली पाहिजे. दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरताच ते मालकास दिले पाहिजे. सात दिवसांत कोणी आले नाही तर जाहीर नोटीस, आणि त्यानंतर आणखी सात दिवसांनी लिलाव. धरणेच बेकायदा आहे असे मालकाचे म्हणणे असेल तर रक्कम अनामत भरून जनावर घरी न्यावे आणि दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करावी. फिर्याद खरी ठरली तर शंभर रुपयांपर्यंत भरपाई. पोलीस अंमलदाराने किंवा कोंडवाड्याच्या रखवालदाराने लिलावात स्वतः अगर दुसऱ्याकरवी जनावर विकत घेऊ नये, असेही एक कलम होते. मोह कोठे पडतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, एवढाच याचा अर्थ. गुरे खातात आणि खायला न मिळाल्यास मरतात. म्हणूनच कदाचित या कायद्यात दिवस मोजलेले आहेत. मोटारीला चारा लागत नाही, हे पुढे तिचे दुर्दैव ठरले.

या प्रसंगी मराठी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण मराठीने या व्यवहारातील निरनिराळ्या कल्पना निरनिराळ्या शब्दांनी वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘कोंडवाडा’ हा घरचा शब्द. त्यात कोंडण्याची क्रिया आणि वाडा एवढेच आहे, दोषाचा आरोप नाही. ‘जप्ती’ हा अरबी ‘जब्त’वरून आलेला, त्यात सत्तेचा हात दिसतो. ‘मुद्देमाल’ हा फारसी दप्तराच्या वळणाचा शब्द. त्यातील ‘मुद्दा’ म्हणजे मूळ अरबीत ज्यावर दावा सांगितला आहे ती गोष्ट; मुद्देमाल म्हणजे ज्या मालावर खटल्याचा मुद्दा उभा आहे तो माल. ‘सुपुर्दनामा’ हा फारसीतील सोपविणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला असून, वस्तू मालकीने न देता सांभाळण्यासाठी सोपविली, मागताच हजर करावी, असा त्याचा कायदेशीर आशय आहे. अलीकडे यांत ‘टोचन’ या शब्दाची भर पडली आहे. बहुधा इंग्रजीतील ‘टो’ आणि ‘चेन’ या दोन शब्दांचा हा रस्त्यावर झालेला संकर असावा. टोचणे या क्रियापदाशी त्याचा संबंध नाही, मालकाला तसा तो वाटला तरी.

आता मोटारीकडे वळू. दारूच्या अमलाखाली वाहन हाकणे हा गुन्हा मोटारीहून जुना आहे. इंग्लंडच्या १८७२ च्या परवानाविषयक कायद्यात गाडी, घोडा, गुरे आणि वाफेचे इंजिन यांपैकी काहीही ताब्यात असताना रस्त्यावर नशेत असणे दंडनीय ठरविले होते. हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार कायद्यानंतर १९३९ चा सविस्तर अधिनियम आला आणि त्याच्या कलम ११७ ने मद्यपी चालकास शिक्षा सांगितली. १९८८ च्या अधिनियमात तिची जागा कलम १८५ ने घेतली. त्याच्या मूळ मजकुरात रक्तातील मद्यार्क कितीही अल्प असला तरी गुन्हा होत असे. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधाचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेला. चालकाविषयी कायदा असा पुनःपुन्हा विचार करीत राहिला. वाहनाविषयीचे वाक्य मात्र जसेच्या तसे राहिले : विनावॉरंट अटक करणाऱ्या अंमलदाराने, परिस्थितीनुसार जरूर तर, वाहनाची ‘तात्पुरती’ व्यवस्था लावावी.

‘तात्पुरती’ या विशेषणात सर्व वादाचे मूळ आहे. वाहन धरून अडकवून ठेवण्याचा अधिकार १९८८ च्या अधिनियमात कलम २०७ ने दिलेला आहे. परंतु तो चालक-परवाना नसणे, चालक अल्पवयीन असणे, नोंदणी नसणे, परमिट नसणे अशा दोषांपुरता आहे. कलम १८५ चा त्यात उल्लेख नाही. त्याच्या आधीचे कलम २०६ तर, गंमत अशी की, कोंडवाड्याचा तो इंग्रजी शब्द कागदपत्रांना लावते, वाहनाला नव्हे. सारांश, मद्यपी चालकाचे वाहन कायद्याच्या दृष्टीने ना तारण होते ना जप्त माल. ते चालविण्यास त्या क्षणी शुद्धीवरचा मनुष्य नाही, म्हणून रस्त्यावर सोडता येत नाही, इतकेच. त्याचा ताबा हा सांभाळ आहे. अपघात झाला असेल तर गोष्ट निराळी, कारण तेथे वाहन स्वतःच पुरावा असते. तथापि त्या बाबतीतसुद्धा कलम १३६ ने तपासणीचे सोपस्कार पुरे झाल्यावर चोवीस तासांत वाहन परत करण्यास सांगितले आहे.

याच्या शेजारी १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचे कलम ९८ ठेवून पाहावे. बेकायदा दारू वाहून नेणारे वाहन त्या कलमाखाली सरकारजमा होऊ शकते, कारण तेथे वाहन हे गुन्ह्याचे साधन होय. दारू डब्यात असली तर गाडी गुन्हेगार. चालकाच्या पोटात असली तर नव्हे. हा भेद वरवर विनोदी भासला तरी कायद्यातील तो खरा भेद आहे, आणि व्यवहारात नेमका तोच पुसला गेला.

तो कसा पुसला गेला हे फौजदारी प्रक्रियेच्या इतिहासावरून कळते. १८९८ च्या संहितेत खटला चालू असताना मालाच्या ताब्याविषयी स्वतंत्र तरतूद नव्हती. ती १९२३ साली कलम ५१६-अ म्हणून घालण्यात आली. १९७३ च्या संहितेत तिचे कलम ४५१ झाले, आणि न्यायालयापुढे न आलेल्या मालासाठी कलम ४५७ राहिले. या कलमांनी सोडवणुकीचा दरवाजा उघडा ठेवला होता खरा, पण त्यांवर दिवसांची मर्यादा नव्हती. ठाण्यात आलेले कोणतेही वाहन मुद्देमालाच्या वहीत चढवावे आणि न्यायालयाच्या हुकुमाची वाट पाहावी, ही सवय सोयीची असल्यामुळे रूढ झाली. उन्हापावसात टायर कुजतात, बॅटरी उतरते, सुटे भाग नाहीसे होतात. खटला निकालात निघतो तेव्हा परत करण्याजोगे जे उरते त्याला वाहन म्हणणे कठीण असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली बसव्वा पाटील यांच्या खटल्यात पोलिसांच्या ताब्यातून दागिने नाहीसे झाल्याबद्दल राज्यास किंमत भरून देण्यास लावले आणि मालाचा ताबा अत्यावश्यक असेल तितकाच काळ ठेवावा हे तत्त्व सांगितले. परंतु निर्णायक निकाल १ ऑक्टोबर २००२ चा, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा होय. मुद्देमालाचा अपहार केल्याचा आरोप पोलिसांवरच असलेल्या प्रकरणातून हा निकाल निघाला, हे १८७१ च्या लिलावबंदीच्या कलमाची आठवण करून देणारे आहे. धरलेली वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही हशील नाही. योग्य बंधपत्र, हमी आणि तारण घेऊन ती त्वरित परत द्यावीत. पंचनामा व छायाचित्रे पुराव्यासाठी पुरेशी आहेत. ठाण्यात मालाचा मुक्काम पंधरा दिवस ते एक महिना याहून अधिक नसावा, असे त्यात ठरले. मालकाने किंवा विमा कंपनीने मागणी न केलेल्या वाहनांच्या विक्रीसाठी सहा महिन्यांची मुदत सांगितली. जामीन घ्या, वस्तू द्या, वाद मागाहून चालवा, हा १२६७ चा क्रमच येथे परत आला. सुपुर्दनामा हे त्या जुन्या रिप्लेव्हिनचे फारसी पेहरावातील भावंड आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही मद्यपी चालकाच्या वाहनाचा मूळ प्रश्न अनुत्तरित होता. देसाई निकालाने मुद्देमाल लवकर सोडविला. पण हे वाहन मुद्देमाल आहेच का, हे विचारले नव्हते. तो प्रश्न २०२१ साली तेलंगण उच्च न्यायालयाने हाताळला. केवळ मद्यप्राशनाच्या कारणास्तव वाहन जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असा निर्णय त्याने दिला. सोबतचा मनुष्य शुद्धीवर असून परवानाधारक असेल तर वाहन त्याच्या हवाली करावे. तसा कोणी नसेल तर आप्तास अगर स्नेह्यास कळवावे. कोणीच आले नाही तर जवळच्या ठाण्यात सुरक्षित ठेवावे आणि नोंदणी-प्रमाणपत्र, ओळखपत्र व परवाना दाखविताच परत द्यावे. ‘तात्पुरती व्यवस्था’ या दोन शब्दांचा हा नीट लावलेला अर्थ होय. मात्र एका राज्याच्या उच्च न्यायालयाचा निर्णय इतर राज्यांवर बंधनकारक नसतो. महाराष्ट्रात तो आधार म्हणून मांडता येतो, हुकूम म्हणून नव्हे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम ४५१ ची जागा कलम ४९७ ला आणि ४५७ ची कलम ५०३ ला दिली. नव्या कलमात माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचे वर्णनपत्र करावयाचे, छायाचित्रे अथवा चित्रफीत काढावयाची, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम द्यावयाचा आहे. १८७१ च्या कायद्याने गुरांसाठी मोजलेले दिवस अशा रीतीने दीडशे वर्षांनी मोटारीच्या वाट्याला आले. परंतु हे दिवस माल न्यायालयापुढे आल्यापासून मोजले जातात. जी रिक्षा ठाण्याच्या फाटकातच उभी राहिली आणि न्यायालयाच्या कागदावर कधी आलीच नाही, तिच्या मालकाला कलम ५०३ खाली स्वतः अर्ज करावा लागतो, त्यावर पोलिसांचे म्हणणे येईपर्यंत थांबावे लागते, आणि त्या दिवसांची मोजणी अजून कोणत्याही कलमात लिहिलेली नाही.