इथेनॉल–बायोडिझेल–डिझेल मिश्रइंधन

इथेनॉल–बायोडिझेल–डिझेल मिश्रइंधन हे खनिज डिझेलमध्ये इथेनॉल आणि बायोडिझेल मिसळून तयार केलेले, डिझेल इंजिनात वापरण्याजोगे इंधन आहे. इथेनॉल उसाची मळी, उसाचा रस किंवा धान्य यांपासून, तर बायोडिझेल वनस्पती तेल, वापरलेले खाद्यतेल किंवा प्राणिज चरबी यांच्यावर मिथेनॉलची रासायनिक प्रक्रिया करून मिळवतात.

बायोडिझेलचे कार्य

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटावे लागते. ही क्षमता सीटेन अंकाने मोजतात. भारतातील बीएस-६ डिझेलचा सीटेन अंक किमान ५१, तर इथेनॉलचा जेमतेम ८ च्या आसपास असतो. इथेनॉलची वंगणक्षमताही कमी असल्याने इंधनपंप व इंजेक्टर झिजतात. त्याहून मोठी अडचण अशी, की हे दोन द्रव एकजीव राहत नाहीत. तापमान सुमारे १० अंश सेल्सियसखाली गेल्यास किंवा थोडे पाणी शिरल्यास त्यांचे थर वेगळे होतात.

येथे बायोडिझेल दुवा ठरते. त्याच्या रेणूतील एस्टर गट इथेनॉलशी, तर लांब हायड्रोकार्बन साखळी डिझेलशी जुळते. घटलेला सीटेन अंक आणि वंगणक्षमताही ते बऱ्याच अंशी भरून काढते.

उत्सर्जन आणि इंधनखप

वजनाने इथेनॉलमध्ये सुमारे ३५% आणि बायोडिझेलमध्ये सुमारे ११% ऑक्सिजन असल्याने काजळी कमी होते. नायट्रोजन ऑक्साइडांबाबतचे निष्कर्ष इंजिन व भारानुसार बदलतात. डिझेलमधून प्रतिकिलो सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते, इथेनॉलमधून २७. त्यामुळे खप वाढतो.

सुरक्षितता

बायोडिझेल मिसळूनही न सुटणारा प्रश्न आगीचा आहे. टाकीतील पेट्रोलची वाफ सामान्य तापमानाला पेटण्यासाठी अतिदाट, तर डिझेलची अतिविरळ असते. इथेनॉलची वाफ मात्र साधारण १३ ते ४२ अंश सेल्सियसदरम्यान, म्हणजे भारतातील बहुतेक दिवशी, नेमकी ज्वलनशील मर्यादेत येते. थोडेसे इथेनॉलही मिश्रणाला हा दोष देण्यास पुरेसे असते. म्हणून अशा इंधनाची साठवण डिझेलच्या टाक्यांत जशीच्या तशी करता येत नाही.

डिझेलविरहित पर्याय

स्वीडनमधील ‘ईडी ९५’ या इंधनात डिझेल नसते. सुमारे ९५% इथेनॉलला प्रज्वलनसाहाय्यक द्रव्याची जोड असते. त्यासाठी इंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढवावे लागते. या इंधनावर चालणाऱ्या स्कॅनिया बसची चाचणी २०१४ मध्ये नागपुरात झाली होती.