पागडीची खोली
गिरगाव-परळच्या चाळींतील खोली सोडताना भाडेकरूच्या हाती जी रक्कम पडे, ती मालकाकडील अनामत नसून नव्या बिऱ्हाडकरूने रोख मोजलेली पागडी असे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे सर्वसाधारणपणे प्रमाण मानले आणि भाड्यावेगळी रक्कम घेणे गुन्हा ठरविले. तथापि जागेच्या दुर्भिक्षामुळे कायद्याने निषिद्ध मानलेला हा व्यवहार रूढीने मान्य केला. मालक आपला हिस्सा, बहुधा तृतीयांश, ठेवून घेई आणि भाडेपावतीवर नवे नाव चढले की कबजा बदले. त्या एका पातळ पावतीच्या भरवशावर, कोर्टात दाद मागण्याची सोय नसताना, सामान्य माणसांनी जन्माची पुंजी हवाली केली, हे मला फार मोलाचे वाटते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने, ३१ मार्च २००० पासून, ही देवघेव वैध झाली.