खडकीचे पाणी आणि निवाऱ्याचा हक्क

घर म्हणजे चार भिंती व वर छप्पर, अशी सामान्य समजूत आहे. 'वास्तु' हा शब्द मात्र निराळे सांगतो. तो वस्, म्हणजे राहणे, या धातूपासून झाला असून अमरकोशात त्याचा अर्थ घराची भूमी असा दिला आहे. आधी भूमी, मग भिंती, हा क्रम ध्यानी ठेवून आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या पूर्ववृत्ताकडे पाहू इच्छितो.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या गावी हे शहर वसविले. केवळ वाडे बांधून तो थांबला नाही. उत्तरेकडील डोंगरांतून झिरपणारे पाणी त्याने जमिनीखालील बंदिस्त नहरींतून शहरात आणिले. मालोजी, खेलोजी, परसोजी व विठोजी यांच्या नावांचे पुरे येथे वसले. रोशनगावच्या लढाईनंतर १६१६ मध्ये मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. १६२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली. तरीही शहर उभे राहिले आणि १६५३ मध्ये औरंगजेबाने त्यास आपले नाव दिले. भिंती जळतात, जागेची सोय व भूमीखालचे पाणी जळत नाही, हेच त्याचे एक मुख्य कारण असावे, असे आमचे अनुमान आहे.

परंतु या व्यवस्थेत एक उणीव होती. वसण्याची जागा सरदारांच्या चाकरीशी व धन्याच्या मर्जीशी बांधलेली होती. तो प्रसाद होता, हक्क नव्हे. हा भेद जगाने फार उशिरा मान्य केला. पुरेशा निवाऱ्याचा हक्क १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात आला. त्याचा अर्थ लावताना राष्ट्रसंघाच्या समितीने १९९१ मध्ये जागेची कायदेशीर शाश्वती प्रथम सांगितली. पाण्यादी सोयी, परवडणारा खर्च व योग्य ठिकाण यांचीही गणना केली. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात धरला. तथापि योग्य सूचना देऊन त्यांना हटविण्यास मुभा ठेविली. शाश्वतीचा प्रश्न तेथेच अडला.

इकडे ज्या नगरीत नहरींनी पाणी खेळविले, तेथेच जायकवाडीचे पाणी असूनही नागरिकांनी कित्येक वर्षे दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळाची वाट पाहिली. तेव्हा निवाऱ्याचा विचार करणाऱ्याने घरांची संख्या मोजण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: पायाखालची भूमी कोणाची, आणि पाणी कोठून येते?