अंतराळातली लक्ष्मणरेषा

विज्ञानकथेला मर्यादा नसते, असं आपण सहज म्हणून जातो. प्रकाशाहून वेगानं धावणारं यान, काळात मागेपुढे फिरणारं यंत्र, हवा तसा परग्रहवासी... लेखकाच्या मनात आलं की कागदावर उतरतं. पण हीच विज्ञानकथा टीव्हीच्या पडद्यावर यायची म्हणजे तिचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. जाहिरातदार लागतो, वाहिनी लागते, गावोगावची स्टेशनं ती दाखवायला राजी असावी लागतात. मग कल्पनेभोवती रेषा आखतं कोण, आणि ती पुसायला किती वर्षं लागतात? याचं ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही लागत असे. त्यामुळे कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक अनेकांना आठवत असतील. मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी ‘एनबीसी’वर सुरू झाली. निर्माते होते जीन रॉडेनबेरी. त्यांच्या तेविसाव्या शतकातल्या यानावर उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी होती, सुकाणूवर आशियाई वंशाचा सुलू होता, आणि शीतयुद्ध चालू असतानाच दुसऱ्या वर्षी चेकोव्ह हा रशियन तरुणही दाखल झाला. रॉडेनबेरींची युक्ती साधी होती. पृथ्वीवरचं भांडण उचलायचं, दुसऱ्या ग्रहावर नेऊन ठेवायचं, आणि प्रेक्षकाला ते लांबून पाहू द्यायचं.

२२ नोव्हेंबर १९६८च्या भागात कर्क आणि उहुरा यांचं चुंबन दाखवलं गेलं. आंतरवंशीय विवाहावर तोवर १६ राज्यांत असलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून १९६७ मध्ये रद्द केली होती. म्हणजे न्यायालय पुढे आणि टीव्ही मागे. तिथेही सावधगिरी होतीच. कथेत परग्रहावरची एक शक्ती त्या दोघांना तसं करायला भाग पाडते. मनाविरुद्ध झालं, म्हणजे कुणाला बोल लावायची सोय नाही!

सुकाणूवरच्या सुलूचं काम करणारे जॉर्ज टाकेई १९३७ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबण्यात आलं, तेव्हा पाच वर्षांचे टाकेईही कुटुंबासह काटेरी तारेआड गेले. त्यामुळे समाज रेषा कशा आखतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. टाकेई स्वतः समलिंगी, पण ते सांगण्याची सोय नव्हती. १९६६ साली अमेरिकेत इलिनॉय सोडून बाकीच्या सगळ्या राज्यांत समलिंगी संबंध हा गुन्हा होता.

पुढे अनेक मुलाखतींत टाकेईंनी एक आठवण सांगितली आहे. त्यांनी एकदा रॉडेनबेरींपुढे हा विषय काढला. स्वतःबद्दल अवाक्षर न बोलता, फक्त समतेचा प्रश्न म्हणून. रॉडेनबेरींना तो पटत होता. पण त्या चुंबनाच्या भागाला प्रेक्षक घटले होते, दक्षिणेतल्या काही स्टेशनांनी तो दाखवलाच नव्हता. आणखी पुढे गेलो तर मालिकाच बंद पडेल, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. मला त्यात लबाडी दिसत नाही. नेमका हिशेब दिसतो. पण त्या हिशेबात कुणाला वगळलं जातंय, हे उत्तर देणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि ऐकणाऱ्याला पुरेपूर ठाऊक होतं.

१९८७ साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका आली. आता एकच मोठी वाहिनी मध्ये नव्हती. पॅरामाउंट कंपनी मालिका थेट स्थानिक स्टेशनांना पुरवत असे. वरकरणी हे मोकळेपण. प्रत्यक्षात एका नाहीतर शेकडो उंबरठ्यांवर परवानगी मागणं. डेव्हिड जेरॉल्ड या अनुभवी लेखकानं ‘ब्लड अँड फायर’ नावाची पटकथा लिहिली. तीत यानावर एक समलिंगी जोडपं होतं, आणि रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाची कथा होती. ते एड्सच्या भीतीचे दिवस होते. लोक रक्तदानालाही घाबरू लागले होते, ती भीती कमी व्हावी हा लेखकाचा हेतू होता. पटकथा बाजूला पडली. काही ठिकाणी मालिका दुपारी लागणार, मुलं पाहणार, आयांची पत्रं येणार, अशी कारणं पुढे आल्याचं जेरॉल्ड यांनी नंतर सांगितलं. पुढे चाहत्यांनी आपल्या हौशी मालिकेसाठी ही कथा चित्रित केली, तेव्हा दिग्दर्शन खुद्द जेरॉल्ड यांनीच केलं.

रॉडेनबेरी २४ ऑक्टोबर १९९१ रोजी वारले. त्याच वर्षी त्यांनी यानावर समलिंगी माणसं दिसतील असं सांगितलं होतं. मार्च १९९२ मध्ये ‘द आउटकास्ट’ हा भाग आला. एका ग्रहावर स्त्री-पुरुष भेदच नाही, आणि स्वतःला स्त्री मानणं हाच तिथे रोग ठरतो, असं कथानक. रोख स्पष्ट होता. पण त्या ग्रहावरच्या भूमिका स्त्रियांना दिल्या होत्या. त्यामुळे रायकर या अधिकाऱ्याचं प्रेम पडद्यावर नेहमीचं स्त्री-पुरुषांचं प्रेम दिसलं. समोर पुरुष नट हवा होता, असं रायकरचं काम करणारे जोनाथन फ्रेक्स यांनीच नंतर म्हटलं. प्रश्न लांबून दाखवायची जुनी युक्ती इथे प्रश्न लपवायची युक्ती झाली.

३० ऑक्टोबर १९९५च्या ‘डीप स्पेस नाइन’मधल्या ‘रीजॉइन्ड’ या भागानं मात्र ती युक्ती उलटी फिरवली. ट्रिल नावाच्या लोकांत एक जीव आठवणींसह एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो. आपल्याला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको! दोन स्त्रिया भेटतात. मागच्या एका जन्मी त्या पती-पत्नी होत्या. आपल्याकडे वडाला फेऱ्या मारून सात जन्म हाच पती मागतात. ट्रिल समाजात मागच्या जन्मीचं नातं पुढे चालवणं हाच गुन्हा, आणि त्याला शिक्षा हद्दपारीची. दोघी स्त्रिया आहेत, याबद्दल भागभर कुणी चकार शब्द काढत नाही. दिग्दर्शक होते मालिकेचे कृष्णवर्णीय नायक एव्हरी ब्रुक्स. निषेध कसलाही असो, तो किती अर्थहीन दिसू शकतो, हे प्रेक्षकाला आपसूक कळतं. पण शेवटी एक स्त्री निघून जाते, आणि पुढच्या आठवड्यात सारं पूर्ववत.

मे २००५ मध्ये पाचवी मालिका संपली. या पाच मालिकांचे मिळून सातशेहून अधिक भाग झाले, पण त्यांत उघडपणे समलिंगी असं एकही कायमचं पात्र नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ६८ वर्षांच्या टाकेईंनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी समलिंगी विवाहाचं विधेयक फेटाळल्याचा राग त्यामागे होता. म्हणजे मालिकेनं चाळीस वर्षांत जे म्हटलं नाही, ते तिच्या नटानं पडद्याबाहेर म्हटलं. २००८ साली त्यांनी आपल्या जोडीदाराशी रीतसर लग्नही केलं.

रेषा पुसली गेली ती २०१७ मध्ये. ‘डिस्कव्हरी’ या मालिकेत शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर हे जोडपं आलं. मालिका वर्गणीवर चालणाऱ्या इंटरनेट सेवेवर होती. स्थानिक स्टेशनच्या मालकाची मर्जी आता आड येत नव्हती. मला त्यातला लक्षात राहिला तो एक साधा प्रसंग: रात्री दोघं शेजारी उभे राहून दात घासतात आणि दिवसभराचं बोलतात. चुंबन नाही, भाषण नाही. कुठल्याही घरात घडावं तसं. एवढ्यासाठी ५१ वर्षं लागली.

भारतात ही मालिका नेटफ्लिक्सवर दिसली, तेव्हा आपल्याकडे कलम ३७७ लागूच होतं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. त्याआधीच्या त्या वर्षभरात, बाविसावं-तेविसावं शतक सोडाच, आपल्याच गावात कुणीतरी दार लावून, आवाज कमी करून तो दात घासण्याचा प्रसंग पाहिला असेल. त्याच्यासाठी ती विज्ञानकथाच होती.