अभियांत्रिकी सॉफ्टवेअर : वापरकर्त्यांचा प्रभाव

नवे सॉफ्टवेअर व्यवस्थापन विकत घेते; ते रुजते की नाही, हे रोज आरेखन करणारे अभियंते ठरवतात.

एअरबस ए३८० हे याचे बोलके उदाहरण. एअरबसचे हॅम्बुर्गचे अभियंते कॅटिया या आरेखन सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवरच काम करत राहिले. तुलूझमध्ये पाचवी आली होती. दोन्हींतली माहिती नीट जुळेना. विमानात सुमारे ५०० किलोमीटर तारा, आणि जोडणीच्या वेळी त्यांचे जुडगे तोकडे पडले! २००६ मध्ये मोठा विलंब जाहीर झाला. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळाले. जुन्या आवृत्तीवर राहण्याला अभियंत्यांचा हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. ऐन प्रकल्पात हातची साधने बदलणे खरोखरच जोखमीचे असते.

नव्या साधनावरचा विश्वास मात्र मिळवता येतो. बोइंग ७७७ च्या वेळी संगणकी आरेखनाची खात्री पटावी म्हणून नाकाकडच्या भागाची प्रत्यक्ष प्रतिकृती बांधली गेली. ती चपखल जुळल्यावर पुढच्या प्रतिकृती रद्द झाल्या.