शतरंजची गादी कोणाकडे?

बुद्धिबळात आपण ‘शह’ आणि ‘मात’ म्हणतो. हे शब्द फारसी-अरबीतून आले. भारताचे चतुरंग इराणमार्गे बगदादला पोहोचले आणि दहाव्या शतकात अब्बासी दरबारात अस-सूली सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. खलिफांचा आश्रय होता, म्हणून खेळावर ग्रंथही लिहिले गेले.

विसाव्या शतकात ही गादी सोव्हिएत संघाकडे गेली. १९४८ ते १९७२ जगज्जेतेपद त्यांच्याच खेळाडूंकडे राहिले. ऑलिंपियाडची १८ सुवर्णपदके त्यांनी जिंकली. तिथे बुद्धिबळ शिकवण्याची जबाबदारी सरकारने उचलली होती.

याउलट पंजाबचा मीर सुलतान खान पाहा. त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले, कापाब्लांकालाही हरवले. पण आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्यासोबत तो मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला. त्याच्यामागे एक माणूस होता, व्यवस्था नव्हती.

आज चित्र बदलले आहे. २०२४च्या ऑलिंपियाडमध्ये भारताने दोन्ही सुवर्णपदके मिळवली, गुकेश जगज्जेता झाला. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. मात्र त्याच वर्षी गोव्यातला विश्वचषक उझबेकिस्तानच्या सिंदारोव्हने नेला. २०२२चे ऑलिंपियाड सुवर्णही त्याच देशाचे. आव्हान तिथूनच आहे.

हुशार मुले आपल्या मोहल्ल्यातही आहेत. प्रत्येक उर्दू शाळेत निदान चार पट आणि एक शिकवणारा असावा. सुलतान खान पुन्हा हरवू नये.