नगर जिल्ह्यातील बोली आणि चित्रपट : एका इतिहाससाधनाची चिकित्सा

बोलीच्या इतिहासाचा अभ्यास करू जाणाऱ्यास साधनांची अडचण प्रथम जाणवते. राजसत्तेने दप्तरे ठेवली, देवस्थानांनी सनदा जपल्या, सावकारांनी खतावण्या लिहिल्या. परंतु शेताच्या बांधावर, मेंढवाड्यात अथवा गावकुसाबाहेरच्या पालात जे बोलले गेले ते हवेत विरून गेले. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांनी ही बोली क्वचितच टिपली, आणि टिपली तेव्हा बहुधा हसण्याकरिता. गेल्या दीड दशकात अहमदनगर जिल्ह्याशी निगडित असलेल्या काही मराठी चित्रपटांनी या उणिवेकडे लक्ष वेधले आहे. करमणुकीसाठी निर्माण झालेली ही कृती बोलीच्या इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य धरता येईल, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा चौदा तालुक्यांचा जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर या नावाने ओळखला जाऊ लागला. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. देशी भाषेच्या थोरवीचा उद्घोष जेथे झाला त्या भूमीत आज एकच एक बोली नांदत नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागातील महादेव कोळी व ठाकर यांचे बोलणे निराळे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांचा ओढा मराठवाड्याकडे. श्रीगोंदे आणि कर्जत यांचा पुणे-सोलापूरकडे. ‘पाणी’चे ‘पानी’ होणे, ‘गेला होता’चे ‘गेलता’ होणे, ‘लई’ आणि ‘व्हय’ यांचा सर्रास वापर, ही देशावरील सर्वसामान्य लक्षणे सर्वत्र आढळतात. परंतु हेल, शब्दसंपत्ती आणि संबोधने यांत चार कोसांवर फरक पडतो. हेल कागदावर उतरत नाही, हीच खरी अडचण होय.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. बोलींचे नमुने मिळविताना या सर्वेक्षणाने बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत ठिकठिकाणी भाषांतरित करून घेतला. तुलनेस ही पद्धत सोयीची होती; परंतु भाषांतर म्हणजे सहज बोलणे नव्हे. याच उपक्रमाला जोडून पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार करण्यात आल्या, पण त्यांतही मजकूर बव्हंशी ठरवूनच दिलेला होता. चित्रपटातील संवाद ‘रचलेले’ असतात म्हणून ते पुराव्यातून बाद करावयाचे, तर हाच आक्षेप या मान्यताप्राप्त साधनांवरही काही प्रमाणात येतो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२

मराठी बोलपटात खेडे आरंभापासून आहे. खेड्याची बोली मात्र फार काळ नव्हती. स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण चित्रपटांची आणि विशेषतः तमाशापटांची जी परंपरा बहरली, तिचे मोठे केंद्र कोल्हापूर होते. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हे तिच्या लोकप्रियतेचे ठळक उदाहरण. या परंपरेने ग्रामीण जीवनास पडद्यावर मानाचे स्थान दिले, हे निर्विवाद. परंतु तिच्यातून एक सर्वसाधारण ‘गावरान’ भाषा रूढ झाली. ती कोल्हापूरकडील वळणाची होती, आणि नाशिकचा शेतकरी असो की नगरचा मेंढपाळ, पडद्यावर तो तीच बोलू लागला. बाहेर चित्रित केलेल्या प्रसंगांचे संवाद ध्वनिमुद्रणगृहात पुन्हा म्हणवून घेण्याच्या प्रघाताने तर बोलणाऱ्याचा श्वास आणि भोवतालचा आवाजही गेला.

अन्य देशांतही या साधनाची मर्यादा अशीच तंत्राने ठरविली. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांतील शेतकऱ्यांचे वर्षभराचे जीवन जेनी गिल्बर्टसन यांनी १९३१ साली चित्रबद्ध केले. पीट कापण्यापासून लोकर विणण्यापर्यंत सर्व व्यवहार त्यात दिसतात. परंतु चित्रपट मूक असल्यामुळे त्या माणसांची बोली त्यात नाही. एडिंबरा विद्यापीठात १९५१ साली स्कॉटिश अध्ययनाची संस्था स्थापन झाली आणि ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन संशोधक खेडोपाडी हिंडू लागले, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली. चित्र एका हाताने आणि ध्वनी दुसऱ्या हाताने, अशी ही विभागणी होती.

३

नगर जिल्ह्याच्या संदर्भात दोन चित्रपट विशेष विचारार्ह आहेत. नागराज मंजुळे हे शेजारच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे. नगर येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतरचा ‘फँड्री’ (२०१३) नगरजवळील अकोळनेर या गावाची पार्श्वभूमी घेतो. त्याचे नावच कैकाडी बोलीतील आहे. ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर.

कैकाडी ही द्राविड कुळातील, तमिळशी नाते सांगणारी बोली. टोपल्या विणणाऱ्या या समाजाला ब्रिटिश राजवटीने गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले होते. १८७१ साली आरंभ झालेल्या त्या कायद्याचा अंमल १९५२ मध्ये संपला. सरकारी कागदांत या समाजाचे वर्णन आढळते, आवाज आढळत नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाने तो आवाज साहित्यात आणला, परंतु छापील मराठीच्या द्वारे. ‘फँड्री’मध्ये तो प्रथमच मोठ्या प्रेक्षकवर्गाच्या कानी पडला.

तथापि त्याचे महत्त्व शब्दसंग्रहापुरते नाही. घरात आईबापांशी कैकाडी, गावात मराठी, शाळेत पुस्तकी मराठी अशा तीन पायऱ्यांवरून जांबुवंत उर्फ जब्या हा मुलगा दररोज चढतो व उतरतो. कोणती बोली कोठे तोंडातून बाहेर पडते आणि कोठे गिळली जाते, हे चित्रपट दाखवितो. बोली लोप पावते ती केवळ बोलणारे मेले म्हणून नव्हे. बोलणाऱ्यास तिची लाज वाटावयास लावली जाते म्हणूनही. ही लाज कोणत्याही शब्दकोशात नोंदविता येत नाही. अर्थात येथेही चिकित्सा हवी. जब्याच्या बापाची भूमिका करणारे किशोर कदम हे अनुभवी नट. त्यांना कैकाडी उच्चार शिकून घ्यावे लागले. तेव्हा उच्चाराच्या पुराव्यासाठी त्यांचे संवाद दुय्यम मानावे लागतील. व्यवहाराच्या पुराव्यासाठी मात्र ते प्रथम दर्जाचे ठरतात.

दुसरा चित्रपट भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ (२०१५). कऱ्हाडे हे श्रीगोंदे तालुक्यातील गव्हाणेवाडीचे. चित्रपटासाठी त्यांनी आपली शेतजमीन विकली. रघू कऱ्हे या धनगराची जमीन वनखात्याकडे गेली आहे, आणि त्याचे कुटुंब मेंढरे घेऊन भटकते आहे. रात्री वाघर लावणे, शेतात मेंढरे बसविणे, बिऱ्हाड हलविणे, हा सारा व्यवहार ज्या शब्दांनी चालतो ते शब्द त्या व्यवहाराबरोबरच जगतात. बागायत वाढली, रासायनिक खत आले, आणि लेंडीखतासाठी मेंढरे बसवून घेण्याची गरज घटली की ‘बसविणे’ या क्रियापदाचा हा अर्थही निकामी होतो. ‘ख्वाडा’स बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखाचा मान मिळाला; त्याचबरोबर महावीर सब्बनवाल यांना प्रत्यक्ष चित्रणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल पुरस्कार लाभला. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा दुसरा पुरस्कार अधिक अर्थपूर्ण आहे. माळावरचा वारा, मेंढरांचे ओरडणे आणि माणसाचे बोलणे एकाच वेळी टिपले गेल्याने संवादाचा हेल, त्याची पट्टी, दूरवर हाक मारताना लांबणारा स्वर, ही सारी आपापल्या जागी राहिली आहेत.

४

येथवरच्या विवेचनातून काही निकष हाती येतात. चित्रपट बोलीचे साधन म्हणून वापरताना प्रथम ध्वनिमुद्रण कोठे झाले ते पाहावे. दुसरे, बोलणारा त्या बोलीचा आहे की ती शिकलेला आहे ते तपासावे. तिसरे, संवादलेखकाचे गाव आणि कथेचे गाव यांतील अंतर ध्यानी घ्यावे. जेऊर आणि अकोळनेर यांच्या बोली जवळच्या असल्या तरी एक नव्हेत. चौथे, बाजारासाठी बोलीचा कोणता भाग ठळक केला आणि कोणता गाळला, याचा शोध घ्यावा. शिव्या पडद्यावर सहज येतात. नात्यांतल्या हळुवार बोलण्याला तेवढी जागा मिळत नाही.

साधन हाती आले तरी ते टिकेलच असे नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले. तरीही जुन्या मराठी चित्रपटांचा मोठा भाग काळाने गिळला, आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा साठा भस्मसात झाला. आजचे अंकीय चित्रपट जळणार नाहीत. परंतु यंत्रांची आणि स्वरूपांची पिढी बदलली की ते मुके होऊ शकतात. शिवाय चित्रपट जपणे आणि त्यातील बोली जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संवादांची उच्चारानुसारी संहिता, शब्दांची सूची आणि बोलणाऱ्यांच्या गावांची नोंद यांवाचून पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास आवाज ऐकू येईल, अर्थ लागणार नाही.

हे काम निर्मात्यांचे नव्हे, विद्यापीठीय विभागांचे आहे. ज्या वयोवृद्ध धनगरांना ‘वाघर’ शब्दाच्या सर्व छटा ठाऊक आहेत, ज्या कैकाडी स्त्रिया अद्याप घरात आपली बोली बोलतात, त्यांच्याजवळ बसून या चित्रपटांतील एकेक प्रसंग पाहावा, आणि ‘आमच्यात असे म्हणत नाहीत’ ही त्यांची प्रत्येक दुरुस्ती टिपून घ्यावी. त्या दुरुस्त्यांतूनच चित्रपटाचे प्रामाण्य ठरेल. आणि ज्यांची नोंद आजवर इतरांनी केली, त्यांना आपल्या बोलीविषयीचा शेवटचा शब्द उच्चारण्याचा अधिकार मिळेल.